माणचं पांढरं फूल आणि सुभेदारांचा सत्कार

फुलं बघायला चाललोय असं सांगितलं की आमच्या भागात समोरचा माणूस पुढचं ऐकूनच घेत नाही. "कासला?" म्हणतो आणि मोकळा होतो. शेजारच्या वर्कशॉपवाल्याने विचारलं, पेट्रोल भरणाऱ्याने विचारलं, आमच्या सोसायटीच्या वॉचमनने तर पार्किंग कुठे करायचं तेही समजावून सांगितलं. प्रत्येकाला मी म्हणालो, "कास नाही हो. माणला चाललोय." त्यावर वॉचमन म्हणाला, "माणला? तिथं मेंढरं बघाय जात्यात लोक. फुलं कुठली?"

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे की मी कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर लोखंड तासणारा माणूस आहे. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढायची, रस्ता कसा आहे आणि मिसळीची तर्री कशी आहे ते लिहायचं, एवढाच माझा अभ्यास. वनस्पतिशास्त्र हा आमच्या लेकीचा, सनाचा, प्रांत. एम.एस्सी. करताना ती दोन पावसाळे माण तालुक्यातल्या एका खेड्यात राहिली. तिथल्या माळावर तिला टीचभर उंचीचं एक पांढरं फूल दिसलं. तिने आणि तिच्या सरांनी पुस्तकं उलथीपालथी केली, जुने वाळवलेले नमुने तपासले, आणि हे फूल आजवर कुणी नोंदवलेलंच नाही असं निघालं. मग त्यावर शोधनिबंध आला, फुलाला लॅटिन नाव मिळालं, पेपरात बातमी आली. ते नाव उच्चारायला गेलो की अर्धं माझ्या तोंडाबाहेरच राहतं. गावात अशा सगळ्याच रोपांना रानकांदा म्हणतात, कारण खाली मातीत कांदा असतो आणि वर पातीसारखी पानं.

सना आता नोकरीसाठी उत्तरेत आहे, हिमालयाच्या पायथ्याशी. भाद्रपदात एकदा तिचा फोन आला.

"अब्बा, फूल सगळ्यांनी बघितलंय. बी कुणीच बघितलेलं नाही."

तिच्या निबंधात बियांचं वर्णन असायला हवं तिथे 'पाहण्यात आलेल्या नाहीत' असं छापलंय. दोन्ही वर्षं बोंडं पिकायच्या आत मेंढरांनी ती फस्त केली होती. या वर्षी तिला रजा नव्हती. म्हणून मी जायचं, रोपं उगवलीत का बघायचं, चांगल्या चारपाच रोपांना लाल लोकर बांधायची आणि भोवती बोरीच्या काट्या लावून यायचं. फूल सुकलं की गवतात रोप सापडत नाही, म्हणून लोकर. महिन्याभराने बी धरेल.

मी म्हणालो, "बेटा, इथे एक ऑर्डर पुरी करायचीय." ती काहीच बोलली नाही. भांडली असती तर मी सहज जिंकलो असतो, पण तिचं गप्प बसणं मला ती पाळण्यात असल्यापासून परवडत नाही. "रविवारी जातो," म्हणालो.

शमा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की लोकर बांधण्याचं काम माझ्यावर सोपवणं धोक्याचं आहे. ती शिवणकाम करते, त्यामुळे दोऱ्याच्या बाबतीत तिचं ऐकावंच लागतं. (घरात आम्ही दखनी बोलतो, इथे वाचकांच्या सोयीसाठी मराठीत लिहितोय. दखनीत ती मला याहून जास्त बोलली होती.)

सकाळी लवकर निघालो. सांगली ते तासगाव रस्ता उत्तम, पुढे विट्यापर्यंतही तक्रार नाही. उसाचा हिरवा रंग तासगावपर्यंत सोबत येतो, तिथून द्राक्षाच्या बागा सुरू होतात, छाटणीची तयारी चालली होती. विट्यात स्टँडजवळ गरम भजी आणि चहा घेतला. दोघांचं पोटभर होऊन शंभराची नोट मोडली, परतही काही आलं. इथेच पाण्याच्या बाटल्या भरून घ्या आणि टाकीत पेट्रोल आहे का बघा, कारण मायणीनंतर दोन्हींचा भरवसा नाही. मायणीच्या पुढे रस्ता जागोजागी उखडलेला आहे. एका खड्ड्यात मोटरसायकल अशी आदळली की शमाने मागून विचारलं, "हेच का ते ठिकाण?"

तिथून पुढे आभाळ वाढत जातं आणि झाडं कमी होतात. टेकड्यांवर पवनचक्क्या, कापणीला आलेली बाजरी, आणि मधे नुसते उघडे, तांबूस माळ. चढावर एक मेंढपाळ भेटला, त्याला फुलाचं विचारलं तर म्हणाला, "फुलं बघायची तर कासला जावा की." मी गाडी बंदच केली आणि पोटभर हसून घेतलं.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कमेंटमध्ये लोकेशन मागू नका, देणार नाही. नवं फूल सापडलं की ते कांद्यासकट उपटून आपल्या बाल्कनीत लावणारे महाभाग असतात असं सना सांगते.

वेशीवर सुभेदार उभे होते. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्युटीवर. सना दोन्ही पावसाळे त्यांच्याच घरी राहिली होती आणि त्यांच्या बायकोने तिला स्वतःच्या पोरींसारखं सांभाळलं होतं. त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला आणि लगेच मिठी मारली.

"आवं, सनाचं वडील म्हंजी आमच्या गावचं मानाचं पावनं! पोरीनं गावाचं नाव जगात केलं. आधी जेवान, मग कार्यक्रम, मग माळ."

"कार्यक्रम कसला?"

"ते सरप्राईज हाय, साहेब."

जेवायला हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा खरडा. माडगं कधी प्यायला नसाल तर फक्त त्यासाठीही माणला या. मी दोन वाट्या प्यायलो, तिसरी नको म्हणताना मन फार जड झालं. एकीकडे माळावर जायची घाई होती, पण सनाने सांगितलंच होतं की हे फूल दुपारी चारच्या सुमाराला उमलतं आणि दिवस मावळला की मिटतं. त्याआधी गेलं तर गवतात काही दिसत नाही. म्हणजे वेळ होता.

कार्यक्रम शाळेच्या व्हरांड्यात होता. सतरंज्या, माईक, निम्मं गाव आणि सगळी पोरं. मला फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ दिला. शमाची खणानारळाने ओटी भरली. शेवटी सुभेदारांनी चंदेरी कागदात गुंडाळलेला एक गुच्छ माझ्या हातात दिला. गुच्छात फुलं नव्हती. लांबट हिरवे दांडे, त्यांच्यावर बारीक मिटलेल्या कळ्या. दिसायला अगदी कांद्याची पात.

शमा कानात म्हणाली, "पात दिली वाटतं. घरी जाऊन झुणक्यात घालू."

मग भाषणं सुरू झाली. आपल्याकडे माईक हातात आला की तो परत देताना माणसाला भारी वाईट वाटतं. एकाने माण तालुक्याचा इतिहास सांगितला, दुसऱ्याने तोच पुन्हा सांगितला. तिसऱ्याने पाण्याच्या योजनेकडे वळून नेत्यांचे आभार मानले. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, भादव्याचं ऊन, मी घामाने निथळत होतो. गुच्छ पंख्यासारखा वापरावा का असा विचार करत खाली बघितलं, तर वरची एक कळी उघडली होती.

मला वाटलं वाऱ्याने हलली असेल. मग दुसरी उघडली. पातळ पांढऱ्या पाकळ्या, पाठीवर पोपटी रेघ, आणि ओल्या जिऱ्यासारखा मंद वास. सनाने पाठवलेला फोटो माझ्या फोनच्या पडद्यावर रोज दिसतो, हे तेच होतं. जगात एका माळावर सापडलेलं फूल एकामागून एक माझ्या मुठीत उमलत होतं, आणि माईकवर नेत्यांचे आभार चालूच होते. ते बघायला फार सुंदर होतं.

भाषण संपायची वाट न बघता मी सुभेदारांना खेचून विचारलं, "हे कुठून आणलंत?"

त्यांची छाती फुगली. "माळावरनं! सत्काराला समदे दहिवडीचे गुलाब आणत्यात. म्हटलं, आपल्या पावण्याला जगात कुटं मिळत न्हाई ते द्यायचं. सक्काळी पोरं फॉल-इन केली, इळं दिलं हातात. लय बारीक काम हाय बगा, फुलाबिगर ते रोप वळखाय येत न्हाई. पन सनानं पोरांना पानावरनं वळखाय शिकीवलंय. येक न्हाई सोडलं, साहेब! येकबी न्हाई!"

मला शिव्या घालता येतात. कामगार साक्ष देतील. पण या माणसाने पहाटे उठून, पोरं गोळा करून, माझ्या पोरीवरच्या मायेने हे केलं होतं. मी म्हणालो, "थँक्यू."

शमाला असली अडचण नसते. ती माईकच्या शेजारीच बसली होती आणि माईक चालू होता. "काका, सनाला या फुलाचं बी पाहिजे होतं. आजवर कुणी बी बघितलं नाही. त्यासाठी आम्ही आलोय. फुलंच कापली तर बी कुठून धरणार?"

हे वाक्य शाळेवरच्या कर्ण्यातून सगळ्या शिवारात गेलं. सुभेदारांच्या मिशा खाली उतरताना मी प्रत्यक्ष बघितल्या.

"म्हंजी आमी पोरीचंच नुकसान केलं," ते म्हणाले आणि सतरंजीवर बसले.

मी म्हणालो, कांदे मातीत शाबूत आहेत, पुढच्या वर्षी पुन्हा फुलतील. हे खरंच होतं. पण पुढच्या वर्षी पाऊस कसा पडेल, मेंढरं कुठे चरतील, हे कोण सांगणार? मला सनाचं ते फोनवरचं गप्प बसणं ऐकू येऊ लागलं, आणि या वेळी तिला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग सुभेदार उठले आणि त्यांच्यातला फौजी परत आला. "चला रं, समदे माळावर! येखांदं ऱ्हायलं आसल. दिवस हाय तवर हुडका!" आणि अख्खा सत्कार समारंभ उठून माळावर निघाला. पुढे पोरं, मधे फेटा बांधलेला मी, मागे नारळ घेतलेली शमा. वाटेत भेटलेल्या एकाने विचारलं, "वरात कुणाची?"

माळ म्हणजे काय हे कासच्या गर्दीत कळत नाही. इथे खडकावर बोटभर माती, त्यावर पिवळं पडत चाललेलं गवत, आणि चहूबाजूंनी वारा. आम्ही सगळे ओणवे होऊन शोधू लागलो. कापलेले दांडे जागोजागी सापडत होते, अगदी स्वच्छ कापलेले. काम पोरांनी खरंच चोख केलं होतं, माझ्या वर्कशॉपमध्ये इतकी सफाई असती तर बरं झालं असतं. एकही फूल मिळालं नाही.

माळाच्या टोकाला दगडांची एक ओळ आहे, जेमतेम घोट्याएवढी. तिच्या आत बिरोबाचं ठाणं: एक शेंदरी दगड, दोन घंटा आणि विरळ गवत. तिथे वालूबाई बसल्या होत्या. धनगरवाड्याच्या म्हातारीबाई, देवाची पूजा त्यांच्या घराकडे. त्यांनी आमची वरात बघितली आणि विचारलं, "काय सांडलं रं तुमचं?"

सुभेदारांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. तोवर शमा दगडांच्या ओळीपाशी जाऊन उभी राहिली होती. ती मला हाताने खुणावत होती, बोलत नव्हती. मी गेलो. उन्हं कलली होती आणि आतल्या गवतात, पार शेंदरी दगडापर्यंत, पांढरे ठिपके उघडलेले होते. वाकून बघितलं. तीच पाकळी, तीच पोपटी रेघ.

"हितं कसं काय कुणी कापलं न्हाई?" मी विचारलं. माझीही भाषा बदलली होती.

एक पोरगा माझ्याकडे दया येऊन बघत म्हणाला, "ते बिरूबाचं हाय. हद्दीतली काडी न्हाई उचलत."

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. हुकूम त्यांचा होता, पण हद्दीत विळा घालायचा नाही हे सांगायची त्यांना गरजही पडली नव्हती आणि पोरांना विचारायची. मेंढरंही आत सोडत नाहीत. सनाने मागे आत जायची परवानगी मागितली होती, पण तिला रोप उपटून नमुना न्यायचा होता म्हटल्यावर वालूबाईंनी नाही म्हटलं, आणि तिने पुन्हा विचारलं नाही. आत काय आहे ते त्यामुळे कुणाला ठाऊकच नव्हतं.

मी आनंदाने शमाचा खांदा दाबला. मग लक्षात आलं की अडचण होती तिथेच आहे. काडी उचलायची नाही, तर बी तरी कसं उचलणार?

मी वालूबाईंकडे फक्त चार बिया मागितल्या. त्या म्हणाल्या, "न्हाई. देवाचं ते देवाचं. उद्या तू बी नेशील, परवा दुसरा कांदा नील."

"आत येऊन दोरा बांधला तर चालेल?" शमाने विचारलं.

"दोऱ्याला कोन न्हाई म्हनतंय, बाय? नवसाचा दोरा समदेच बांधत्यात. चपला काड आन ये."

शमा डोक्यावर पदर घेऊन आत गेली आणि तिने लाल लोकर एकेका रोपाच्या बुडाशी सैल बांधली. वालूबाईंनी विचारलं, "काय मागितलंस?" शमा म्हणाली, "बी धरू दे."

म्हातारी हसली. त्या तंबाखू मळू लागल्या. मग मळलेला हात त्यांनी पूर्वेकडे केला. "दसऱ्यानं वारं फिरतंय. तिकडनं हिकडं येतंय. वाऱ्यानं हद्दीभायेर काय टाकलं, तर ते देवानंच टाकलं म्हनायचं. ते कुनीबी न्यावं. आत हात घालायचा न्हाई, भायेर बसून ऱ्हायचं."

"बसतो," मी म्हणालो. इतक्या चटकन मी एखादी अट कधी मान्य केली नव्हती.

मुक्काम उंब्रजला मेव्हण्याकडे केला. वडूजवरून हायवेला येणारा रस्ता बरा आहे, पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांना हाच सोयीचा. दारातच मेव्हण्याने विचारलं, "काय, कास कसं होतं?" मी सत्काराचा नारळ त्याच्या हातात दिला आणि थेट जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. गुच्छ तांब्यात ठेवला होता, वरची फुलं मिटून लोंबत होती, खालच्या कळ्या शाबूत होत्या. सनाला व्हिडिओ कॉल लावला. काय सांगायचं याची मी वाटेत बरीच तयारी केली होती, ती एका वाक्यात संपली.

"बेटा, गावाने मला तुझ्या फुलांचा गुच्छ दिला. सगळ्या फुलांचा."

ती गप्प झाली. मी घाईघाईने बिरोबा, लोकर, वालूबाई सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा हसू आणि रडू यांच्या मधे कुठेतरी अडकला होता. मग तिने विचारलं, "सुभेदारकाका रागावलेत का स्वतःवर?"

"फार."

"त्यांना मी फोन करते. त्यांना सांगते, असा सत्कार जगात कुणाचा झाला नाही." मग एकदम, "अब्बा, कॅमेरा तांब्याकडे करा. चार वाजत आले."

मी फोन डब्याला टेकवून उभा केला. ओट्यावर कांद्यालसणाची टोपली, शेजारी तो तांब्या. तिकडे तिच्या खोलीत ती, इकडे आम्ही दोघं. मी काहीतरी बोलायला गेलो तर ती म्हणाली, "आत्ता बोलू नका." एक कळी हलली, मग उघडली. नंतर दुसरी. घरापासून इतक्या लांब एकटी राहणाऱ्या माझ्या पोरीसोबत मी आयुष्यात इतका वेळ न बोलता कधी बसलो नव्हतो. मला फार बरं वाटत होतं.

दसरा झाला आणि चारपाच दिवसांनी सुभेदारांचा फोन आला. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "वारं फिरलंय साहेब. पवनचक्क्यांनी तोंड वळीवलं. या."

ऑर्डर अर्धी होती. शटर ओढलं आणि निघालो. या खेपेला भज्यांना थांबलो नाही, खड्ड्यांनाही नाही. माळावर वालूबाई होत्या, सुभेदार होते, आणि शमाने घरून निघतानाच पिशवीत घातलेली सत्काराची शाल होती. हद्दीच्या पश्चिमेला, दगडांना अगदी लागून, तिने ती पसरली आणि चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले. आत लाल लोकरीपाशी बोंडं तपकिरी होऊन फुटलेली दिसत होती, हात लांब केला तर लागतील इतकी जवळ. मी हात खिशात घातले. सुभेदारांनी मागे बांधले.

बसून राहिलो. वारा येई, गवत वाके, काही होत नसे. सुभेदार मधूनच म्हणत, "पडंल, पडंल," आणि वालूबाई त्यांना गप्प करत. ऊन उतरायला लागल्यावर एक मोठी झुळूक आली, घंटा आपोआप वाजल्या, आणि शालीवर काळं काहीतरी टिपटिपलं. चपटं, कागदासारखं हलकं, कांद्याच्या बीसारखं पण कडेला पातळ पंख असलेलं. सुभेदार ओरडले, "आलं!" आणि लगेच तोंडावर हात ठेवला, फुंकरीने उडू नये म्हणून.

आम्ही शाल चारी टोकांनी आत घडी घालत उचलली, तान्ह्या पोराला दुपट्यात घेतात तशी. वालूबाई म्हणाल्या, "पोरीला सांग, देवानं दिलंय." तिथूनच फोन लावला. रेंज नव्हती, म्हणून सुभेदारांनी मला टेकाडावर चढवलं आणि मी सनाला ओरडून सांगितलं की बी मिळालं, काळं आहे, पंख आहेत. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. या वेळी मला ते गप्प बसणं चाललं.

बिया तिच्या सरांकडे पोचल्या. एक फोटो मी ठेवून घेतलाय, पण तो इथे टाकत नाही, तो मान सनाच्या पुढच्या निबंधाचा. आता मिसळ खाताना मी रस्त्याकडेच्या गवताकडेही बघतो, काही ओळखू येत नाही, तरी बघतो. तुम्ही माणला गेलात तर माडगं प्या, माळावर चार वाजेपर्यंत थांबा, आणि दगडांची ओळ लागली की बाहेरच बसा. आणि तिकडे कुणाचा सत्कार असेल तर सुभेदार आता न चुकता दहिवडीचे गुलाब आणतात.

शाल सनाच्या खोलीत तिच्या पलंगावर घडी करून ठेवलीय. शालीच्या विणीत एखादी बी अजून अडकलेली असेल म्हणून शमा ती धुवू देत नाही, आणि दिवाळीला सना येईल तेव्हा शाल तीच उलगडणार आहे.